चारशे तडाखे आणि एक निबंध

गेल्या माघ महिन्यात भगिनीच्या आग्रहावरून आमचे पुण्यास जाणे झाले. जामसंड्याहून नांदगाव, फोंडाघाट, राधानगरी या मार्गाने कोल्हापूर व तेथून पुढे पुणे, असा हा दिवसभराचा प्रवास. घाट चढू लागताच आंब्याच्या मोहोराचा वास मागे पडला आणि आपला मुलूख सुटला याची जाणीव झाली.

आमची भाची पुण्यातील एका विद्यापीठात फ्रेंच भाषा शिकते. दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "मामा, आमच्या आवारात फ्रेंच चित्रपट दाखवतात. तिकीट नाही, कोणीही यावे." विनामूल्य म्हटले की शहरात मनुष्य साशंक होतो, परंतु आम्हां कोकणातल्यांस त्याचे नवल कसले? आमच्या जत्रांतील दशावतार रात्र रात्र चालतो आणि तेथे तिकीट कोण मागतो? नाट्य हा सर्व वर्णांसाठी निर्मिलेला पाचवा वेद होय, असे भरतमुनींनी सांगून ठेवले आहे. त्या वेदास दाराशी पहारेकरी नसावा, हेच योग्य.

शिवाय फ्रेंचांचे या विद्येतील ऋण आपणांवर जुने आहे. ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये डिसेंबर 1895 मध्ये पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकांस हलती चित्रे दाखविली आणि अवघ्या काही महिन्यांत, 7 जुलै 1896 रोजी, ती मुंबईच्या वॉटसन हॉटेलात येऊन पोहोचली. पुढे 1913 मध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' अवतरला. पुण्याचे तर या कलेशी विशेषच नाते. प्रभात कंपनीच्या जागेत 1960 मध्ये चित्रपटशिक्षणाची संस्था निघाली व 1964 मध्ये जुन्या चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय येथेच स्थापन झाले.

असो. सायंकाळी आवारातील वडांच्या सावलीतून आम्ही सभागृहात गेलो. सारी तरुण मंडळी. पांढऱ्या केसांचे आम्हीच. चित्रपट होता फ्रान्स्वा त्र्युफो यांचा, 1959 सालचा. नावाचा शब्दशः अर्थ 'चारशे तडाखे'. तो ऐकून, यात छडीचा पुष्कळ वापर असावा, असा आम्ही तर्क केला. भाचीने हसून खुलासा केला की, फ्रेंचमध्ये हा वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ अनावर उनाडक्या करणे.

कथा पॅरिसमधील आंत्वान नामक शाळकरी मुलाची. वर्गात फिरत असलेले एक चित्र नेमके याच्या हाती सापडते आणि शिक्षक त्यास कोपऱ्यात उभा करतात. तेथे तो भिंतीवर लिहितो. म्हणून भिंती खराब केल्याचे वाक्य निरनिराळ्या अर्थांत व काळांत चालवून आणण्याची शिक्षा होते. येथवर आम्ही मनमुराद हसलो. धातुरूपांची शिक्षा आम्हीही पुष्कळांस दिलेली!

परंतु पुढे हसू मावळले. या मुलास बालझाक या थोर कादंबरीकाराचे भारी वेड. घरात तो त्याच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावतो. निबंधात त्याचे शब्द सहज उतरतात. शिक्षक 'चोर' म्हणून त्यास हाकलतात. तेथून तो घसरतच जातो आणि अखेर सुधारगृहात पोहोचतो.

दिवे लागले तरी आम्ही जागचे उठलो नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एका खारव्याच्या मुलाने 'समुद्र' या विषयावर निबंध लिहिला होता. तो इतका सरस उतरला होता की, हा याने लिहिला नाही, असे आम्ही भर वर्गात बोललो आणि शून्य गुण दिले. मुलगा काही बोलला नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो आला नाही. बापाबरोबर होडीवर जाऊ लागला. आंत्वानने निदान बालझाक वाचला होता. आमच्या मुलाने कोणाचे चोरले, हे सिद्ध करण्याचे कष्टही आम्ही घेतले नव्हते.

चित्रपटाच्या शेवटी आंत्वान सुधारगृहाच्या कुंपणाखालून निसटतो आणि धावत धावत समुद्रास पोहोचतो. आजवर त्याने समुद्र पाहिलेला नसतो. पाण्यात पाऊल टाकून तो मागे वळतो, आणि त्याच्या मुखावर चित्र थांबते. ते मुख आम्हांस परके वाटले नाही.

जामसंड्यास परतल्यावर आम्ही देवगड बंदरावर गेलो. तो गृहस्थ जाळे नीट करीत बसला होता. कपाळावरचे केस विरळ झालेले. आम्ही प्रसंग सांगून, चूक आमची होती, असे म्हटले. तो ओशाळला. "गुरुजी, तुमी ता आता कित्या काढतास?" म्हणाला आणि आम्हांस बसावयास पाट दिला. थोड्या वेळाने जाळ्यावरून नजर न उचलता पुटपुटला, "वही मातर आसा हां घरात."

ती वही मागण्याचा अधिकार आम्हांस उरला नव्हता. आम्ही मागितली नाही. तथापि परवा त्याचा मुलगा ती कागदात गुंडाळून आमच्या पडवीत ठेवून गेला. शून्याचा आकडा आमच्याच हातचा, लाल शाईचा, अद्याप स्पष्ट आहे. निबंध आम्ही पुन्हा वाचला. गुण देण्याचे वय आता आमचे नाही. खाली केवळ सही केली आणि वही परत देण्यास उद्या बंदरावर जाणार आहोत.