तिसरा रेडर कोण?

चि. बाळास,

प्रो कबड्डीची फायनल संपल्यावर तू फोनवर म्हणालास, "मामा, पलटणकडं रेडर कुठं आहेत? सगळे अर्धे अर्धे. तुम्ही कशाला त्यांचं एवढं कौतुक करायलाव?" तेव्हा मी काही बोललो नाही. 31 ऑक्टोबर 2025 ची रात्र होती, दिल्लीत दबंग दिल्लीनं पुणेरी पलटणला 31-28 असं हरवलं होतं आणि मला बोलायची इच्छाच नव्हती. पण तुझं ते "अर्धे अर्धे" डोक्यातून जाईना. फोनवर आपण दोघंही एकमेकांना वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच आणि मग भांड.

तू हैदराबादला गेल्यापासून तेलुगू टायटन्सचा झालास, त्याचं मला वाईट वाटत नाही. आपलं इस्लापूरच असं आहे. पैनगंगेच्या पल्याड विदर्भ, इकडं थोडं पुढं गेलं की तेलंगण. स्टेशनजवळच्या हॉटेलात कबड्डी लागली की निम्मी माणसं टायटन्सची, निम्मी पलटणची किंवा यू मुम्बाची. चहा एकाच किटलीतला. यंदा पावसानं सोयाबीन नेलं, कापसाचा भरवसा राहिला नाही, तरी संध्याकाळी रेडरवरून वाद घालायला सगळे हजर असतात. आणि वाद दर वेळी एकाच जागी येऊन अडतो: सगळ्यात जास्त गुण कुणाचे? ज्याच्याकडं तो माणूस, त्याची चढाई भारी. तूही तेच धरून बसलास. मला ते मान्य नाही, आणि त्याचा पुरावा मी तुझ्याच संघाकडून देतो.

2019 आठव. आपल्या कोल्हापूरकडचा, चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई टायटन्सनं 1 कोटी 45 लाखांना घेतला. तू तेव्हा शाळेत होतास, भिंतीवर त्याचा फोटो लावला होतास. त्यानं चढाईत 200 च्या वर गुण घेतले. त्याच्या अंगावर तिघं पडले तरी तो त्यांना ओढत मध्यरेषेला हात लावायचा. आणि संघ कितवा आला? बारांत अकरावा. पुढं 2023 च्या लिलावात टायटन्सनं पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाखांच्या वर रक्कम लावली. देशात त्या घडीला त्याच्याइतका पूर्ण रेडर दुसरा नव्हता, हे मी आजही म्हणतो. त्या मोसमात 22 सामन्यांत टायटन्स जिंकले फक्त 2, आणि शेवटून पहिले आले. पवन कमी पडला का? नाही. तो बाद होऊन बाहेर बसला की त्याला आत आणणारं कुणी नव्हतं.

सगळी गोष्ट इथंच आहे. रेडर बाद झाला की तो बाकावर बसतो आणि त्याच्या संघानं समोरचा माणूस बाद केल्याशिवाय सहसा परत येत नाही. बोनसचा गुण मिळाला तर फळ्यावर आकडा वाढतो, पण बोनसनं कुणी जिवंत होत नाही. हॉटेलातल्या वादात हे कुणीच बोलत नाही. बाहेर बसलेल्या कप्तानाला आत आणायचं तर कुणाला तरी हात लावून यावं लागतं, नाहीतर कुणाची तरी पकड करावी लागते. म्हणजे पहिला रेडर बसलेला असताना दुसरा आणि तिसरा कशी चढाई करतो, त्यावर पहिल्याची किंमत ठरते. दुसरा नुसता बोनस मारून येणारा असेल तर तुझा पवन चार-पाच मिनिटं टाळ्या वाजवत बसणार. चाळीस मिनिटांच्या खेळात असं तीनदा झालं की सामना गेला. शिवाय बोनससुद्धा समोर सहा किंवा सात जण असतील तरच. समोर पाचच उरले की तो रस्ताही बंद. मग उरतो तो खरा स्पर्श, पाय किंवा हात, आणि तो काढायची हिंमत.

आता पलटणकडं ये. त्याच, म्हणजे दहाव्या मोसमात सगळ्यात जास्त चढाईचे गुण होते दिल्लीच्या आशू मलिकचे, 276. पुण्याच्या एकाही पोराचा आकडा त्याच्या जवळपास नव्हता. तरी साखळीत 22 पैकी 17 सामने जिंकून पुणं पहिलं आलं. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे: हेच तुझे अर्धे अर्धे. फायनल तुझ्याच गच्चीबावलीत झाली, 1 मार्च 2024. हरियाणा स्टीलर्स समोर. त्या दिवशी सगळ्यात जास्त गुण ना कप्तान अस्लमचे, ना मोहितचे. पंकजचे, 9. पूर्वार्ध संपता संपता त्यानं एकाच चढाईत चार गुण काढले आणि तिथून सामना पुण्याकडं झुकला. 28-25. मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू मात्र अस्लमच ठरला, आणि मला ते पटतं. अहिल्यानगरकडचा तो पोरगा चढाई तर करतोच, पण परत येऊन पकडीत उभा राहतो. त्याच्याकडं पाहून प्रतिस्पर्ध्याला ठरवता येत नाही की आज कुणाला रोखायचं. एकाला धरून ठेवलं तर दुसरा उठतो. पवनच्या टायटन्सविरुद्ध खेळताना सगळ्यांना कुणाला रोखायचं हे आधीच ठाऊक असायचं.

पंकजबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण त्याचं नाव वादात कुणी घेत नाही. 2022 ची सेमीफायनल बघ. अस्लम आणि मोहित दोघंही दुखापतीनं बाहेर. तमिळ थलायवाजसमोर हा गडी उभा राहिला आणि पुण्यानं 39-37 असा सामना काढला. असा खेळाडू आठ सामने शांत बसलेला दिसतो, लोक म्हणतात याला कशाला ठेवलाय. मग नवव्या सामन्याला कळतं. रेडरांच्या गटाची ताकद मी तिथं मोजतो: वरचे दोघं नसताना काय होतं?

तुझ्या बाजूनंही एक गोष्ट खरी आहे आणि ती मी दडवणार नाही. त्या 2022 च्या फायनलमध्ये जयपूरनं पुण्याला 33-29 असं हरवलं, आणि यंदा दिल्लीनं 31-28. दोन्ही वेळा फरक थोडका. सामना अशा टोकाला आला की शेवटच्या तीन-चार चढायांत एक माणूस लागतो, ज्याला सगळं मैदान ओळखतं आणि तरी अडवू शकत नाही. डू ऑर डायची चढाई, तीस सेकंद, समोरचे सगळे तयार. तिथं गटाचा उपयोग होत नाही. आत एकटाच जातो. यंदा आदित्य शिंदेनं फायनलमध्ये 10 गुण घेतले, पोरगा मला फार आवडला. पण शेवटची पाच मिनिटं अंगावर घेणारा अजून तो झालेला नाही. होईल. मी त्याच्याकडं डोळे लावून बसलोय.

पण दिल्ली जिंकली कशानं, तेही बघ ना. आशू मलिक त्या रात्री फारसा चालला नाही. सामना ओढला नीरज नरवालनं आणि आपल्या महाराष्ट्राच्या अजिंक्य पवारनं. म्हणजे दिल्लीचाही दुसरा आणि तिसराच. हे तू फोनवर सोयीनं विसरलास!

आणि त्याच्या आधीचा सामना तर तू विसरूच शकत नाहीस. तुझे टायटन्स आणि माझी पलटण, जिंकेल तो फायनलला. सुरुवातीला टायटन्सनं 10-1 अशी आघाडी घेतली तेव्हा हॉटेलातला अर्धा बाक नाचत होता. भरत हूडानं 20 च्या वर गुण काढले. एवढं करून सामना 50-45 असा पुण्याचा. तुझा संघ कित्येक वर्षांनी त्या पायरीपर्यंत आला होता, तुझं वाईट झालं हे मला कळतं. पण मला सांग, भरत बाहेर बसला की आत कोण जात होतं आणि काय घेऊन येत होतं? तो सामना मोबाइलवर पुन्हा लाव आणि फक्त तेवढंच बघ. गुणफलक बघू नकोस. भरत बाकावर असताना झालेल्या चढाया मोज.

हे मी एवढं जीव तोडून का लिहितोय, तर इथल्या मैदानासाठी. शाळेमागं पोरं संध्याकाळी खेळतात, तू खेळायचास तिथंच. मुरूम अजून तसाच टोचतो. पण एक गोष्ट मला खटकते. टीव्ही बघून प्रत्येकाला पवन व्हायचंय. जो अंगानं मोठा, तोच सारख्या चढाया करतो. तो बाद झाला की बाकीचे रेषेपाशी जाऊन, हात हलवून, श्वास टिकवून परत येतात. तांड्यावरचा एक बारका पोरगा आहे, पायात विजेसारखा, कोपऱ्यातल्या गड्याच्या घोट्याला हात लावून पळतो. त्याला सामन्यात दोनच चढाया मिळतात, त्याही मोठा बाहेर बसल्यावर. परवा मी मैदानावर जाऊन सांगितलं की मोठ्याला पहिली पाच मिनिटं पकडीत उभा करा आणि या बारक्याला पाठवा. पोरांना ते पटलं नाही. मामा जुन्या काळातले, मातीतले.

मातीवर आणि मॅटवर खेळ वेगळा होतो, हे मला मान्य आहे. मॅटवर बूट धरतो, वळण जलद घेता येतं, आणि पकडणाऱ्यालाही तीच पकड मिळते. मातीत घसरून निसटायची सवय लागलेला रेडर मॅटवर पहिल्याच घोटापकडीत अडकतो. तालुक्याला, जिल्ह्याला गेलेली आपली पोरं तिथंच मार खातात. म्हणून त्यांना एकावर विसंबून चालणार नाही. तीन जण तरी चढाईला तयार हवेत.

तर माझं मागणं असं. संक्रांतीला येशील तेव्हा नुसता तिळगूळ खाऊन परत जाऊ नकोस. तू शाळेच्या संघात तिसरा रेडर होतास, आठवतं ना? हिमायतनगरच्या पोरांविरुद्ध दोघं बाहेर असताना तू एक कोपरा आणि एक कव्हर घेऊन आलास, तेव्हा मी रेषेबाहेर ओरडून घसा बसवला होता. ते या पोरांना शिकव. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील, तू हैदराबादचा आहेस. येताना गुडघ्याच्या पट्ट्या आण, त्या बारक्याच्या मापाचे बूट आण, माप मी मोबाइलवर पाठवतो. पैसे आल्यावर देतो, नाही म्हणू नकोस.

आणि पुढच्या लिलावाआधी एक कागद घे. टायटन्सनं कुठले तीन रेडर ठेवावेत ते लिही, पहिल्याचं नाव सोडून. मीही पलटणची यादी करून ठेवतो. हॉटेलात सगळ्यांसमोर वाचू.

आईला नमस्कार सांग, तिच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
मामा
इस्लापूर, ता. किनवट