लाइट गेल्यावर कळतं

दापोलीत पावसाळ्यात लाइट जाणार, हे धरूनच कामाला बसावं लागतं. छोट्या कार्यालयांचे सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. बीएसडी घराण्यातल्या तीन संगणकप्रणालींपैकी, म्हणजे तीन भावंडांपैकी, कोणाला कुठे बसवायचं, हे मला या गेलेल्या लाइटनेच शिकवलं.

तिघांचं मूळ घर बर्कले विद्यापीठातलं युनिक्स. १९९३ साली नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी यांनी आपापल्या चुली मांडल्या. थिओ डी राट नेटबीएसडीतून बाहेर पडले आणि १९९५मध्ये त्यांनी ओपनबीएसडी उभी केली. नेटबीएसडीने हरतऱ्हेच्या यंत्रांवर चालण्याचा ध्यास घेतला, ओपनबीएसडीने सुरक्षिततेचा. फ्रीबीएसडी सर्व्हरच्या कामात रुळली.

३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर तालुक्यात कित्येक दिवस वीज नव्हती. आली तीही ये-जा करत. तेव्हा माझ्याकडे फायलींचे दोन सर्व्हर होते. ओपनबीएसडीचा सर्व्हर चालू झाला की आधी अख्खी डिस्क तपासत बसे. तपासणी संपायच्या आत लाइट पुन्हा जाई आणि सगळं पहिल्यापासून. शेजारचा फ्रीबीएसडी मात्र लगेच कामाला लागे. त्यावर झेडएफएस ही फाइल सिस्टिम होती. ती जुन्या मजकुरावर लिहीत नाही. नवा मजकूर नव्या जागी लिहून झाला की मगच खूण हलवते. मधेच वीज गेली तर अर्धवट लिहिलेलं तेवढं वाया जातं, आधीचं शाबूत राहतं.

तेव्हापासून फायली फ्रीबीएसडीकडे. ओपनबीएसडीला मी वेशीवर बसवलं, फायरवॉल म्हणून. तिथे डिस्क लहान, तपासणी चटकन उरकते. तिथल्या पीएफ या फायरवॉलची नियमावली वाचावी. पहिली ओळ ‘ब्लॉक ऑल’, म्हणजे कोणालाच आत किंवा बाहेर सोडू नका. मग खाली एकेकाला परवानगी. जुळणारा शेवटचा नियम लागू होतो, त्यामुळे वरून खाली वाचत गेलं की सगळं समजतं. इतकं स्वच्छ लिहिणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. नेटबीएसडी एका जुन्या ३२ बिटी संगणकावर प्रिंटरची रांग सांभाळते. ते यंत्र भंगारात जायचं वाचलं.

कोण श्रेष्ठ, असं शिकाऊ मुलं विचारतात. मी त्यांना विचारतो, लाइट गेल्यावर तुझं काय गेलेलं चालणार नाही?

रात्री पाऊस कोसळत असताना मी घरून तिन्ही यंत्रांवर जाऊन येतो. तिन्हीकडे दार उघडतं ते ओपनएसएसएच, १९९९मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी घडवलेलं. चुली वेगळ्या झाल्या, तरी कुलूप एकाच घरचं राहिलं.