सेंट बर्नार्डच्या खिंडीतून

युरोपच्या नकाशात स्वित्झर्लंड आणि इटली यांच्यामध्ये आल्प्स पर्वताची जी भिंत उभी दिसते, तीत पायाने ओलांडता येण्याजोगी दारे मनुष्याने फार प्राचीन काळीच शोधून ठेविली आहेत. ग्रेट सेंट बर्नार्डची खिंड हे त्यांपैकी एक दार होय. तिची उंची २,४६९ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईची बरोबर दीडपट. रोमन पलटणी या वाटेने गेल्या, इ. स. ९९० मध्ये कॅंटरबरीचा धर्माध्यक्ष सिगेरिक रोमहून परतताना याच वाटेने गेला व आपल्या मुक्कामांची यादी मागे ठेवून गेला. आणि १८०० च्या मे महिन्यात नेपोलियनने सुमारे चाळीस हजार सैन्य येथूनच इटलीत उतरविले. २०२३ च्या जुलै महिन्यात त्याच वाटेने वाईचा एक सेवानिवृत्त संस्कृत शिक्षक, त्याचे कुटुंब आणि एक कुत्री अशी तिघे गेली. पहिल्यांविषयी इतिहासकारांनी भरपूर लिहून ठेविले आहे. या शेवटच्या तिघांविषयी लिहिण्याचे काम अर्थातच मजवर आले.

आमची कन्या व जामात लोझान येथे असतात. आम्ही त्यांच्याकडे गेलो असता दोघांनाही कामानिमित्त आठ-दहा दिवस परगावी जाणे भाग पडले आणि घरातील कुत्री आमच्या गळ्यात पडली. खिंडीची यात्रा आम्ही वाईहून निघतानाच योजिली होती. आता ती रहित करावी, असे मी सुचविताच सौ. म्हणाली, "रहित कशाला? तिलाच घेऊन चालू या की. आपल्यापेक्षा तिला चार पाय जास्तच आहेत."

"जास्त नव्हेत, दोनच जास्त," एवढी दुरुस्ती मी केली. निश्चय मात्र तिचाच कायम झाला.

या निश्चयाचे मला जे आश्चर्य वाटले, ते वाचकांस कळावे म्हणून थोडे घरचे सांगितले पाहिजे. आमचे घर चौदा माणसांचे. एकेचाळीस वर्षांच्या संसारात सौ. माझ्याबरोबर एकटी कृष्णेच्या घाटापलीकडे चालत गेल्याचे मला स्मरत नाही. गेलो ते नेहमी लवाजम्यासह, आणि तिचे लक्ष मागे राहिलेल्या पोरांकडे. कुत्र्याने तर आमच्या ओटीची पायरी कधी ओलांडलेली नाही. शिवाय तिचा उजवा गुडघा दोन वर्षे दुखत होता. "आता नाही तर मग कधीच नाही," असे म्हणून तिने चार महिने रोज पहाटे माझ्याबरोबर पसरणीचा घाट निम्म्यापर्यंत चढून पाय तयार केले होते. तेव्हा ही सहल तिला सहल नव्हती. आपल्याला हे जमते की नाही, याचा निकाल तिला हवा होता.

कुत्रीचे नाव कन्येने लुना असे ठेविले आहे. मी तिला सरमा म्हणू लागलो. सरमा ही वेदातील देवशुनी. पणींनी लपविलेल्या गाईंचा तिने इंद्राकरिता शोध लाविला. संस्कृतज्ञांस कुत्र्याचे वावडे असण्याचे कारण नाही. पाणिनीने एकाच सूत्रात कुत्रा, तरुण आणि इंद्र या तिघांना बसविले आहे आणि विद्यार्थी त्यावर पिढ्यान्‌पिढ्या हसत आले आहेत. परंतु सरमा म्हटले काय नि लुना म्हटले काय, ती माझ्याकडे ढुंकून पाहीना. तिला फ्रेंच आज्ञांची सवय. सौ.ला फ्रेंचचा गंधही नाही. तिने सरळ मराठीत "ये गं", "बस गं", "पुरे आता" असे सुरू केले, आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी ते जनावर मराठी समजू लागले.

त्या देशात कुत्रा घेऊन फिरणे हे आपल्याकडे वाटते तितके सोपे नाही. आगगाडीत त्याचे अर्धे तिकीट काढावे लागते. सरहद्द ओलांडावयाची तर पिसाळरोगाची लस टोचल्याची नोंद असलेले त्याचे स्वतःचे पारपत्र जवळ हवे. उतरण्याच्या जागी आधी विचारूनच जावे; एका गावी कबूल केलेली जागा कुत्री पाहताच नाकारण्यात आली आणि आम्हांस पाऊस झेलीत दुसरे दार ठोठवावे लागले.

मार्तिन्यी हे दरीच्या तोंडाचे रोमन काळापासूनचे गाव. तेथून ओर्सिएरपर्यंतची वाट दगडाधोंड्यांची व अरुंद असल्याने ते अंतर आम्ही छोट्या आगगाडीने काटले आणि चालण्यास ओर्सिएरहून, सुमारे ९०० मीटर उंचीवरून, आरंभ केला. पहिला मुक्काम लिड, दुसरा बूर-सेंट-पिएर, तिसरा खुद्द खिंड, चौथा इटलीतील एत्रूब्ल आणि पाचव्या दिवशी आओस्ता, असा आमचा क्रम होता. तरणेताठे लोक हेच अंतर तीन-चार दिवसांत काटतात. तेथील वाटांवर पिवळ्या पाट्या असतात आणि त्यांवर अंतर लिहिलेले नसून चालण्यास लागणारा वेळ लिहिलेला असतो. ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटली. कारण डोंगरात मैल खोटे बोलतो, घड्याळ बोलत नाही. मात्र तो वेळ आमच्या वयाच्या माणसांचा नव्हे. आम्ही प्रत्येक पाटीस दीडीने गुणीत होतो.

खाण्याचे काय, असे पुष्कळांनी परतल्यावर विचारले. व्हाले प्रांतात राय नावाच्या धान्याची काळी, घट्ट भाकरी मिळते. पूर्वी गावच्या सामाईक भट्टीत ती वर्षातून मोजक्याच वेळा भाजून महिनेच्या महिने पुरवीत. वाळल्यावर तोडावयास हत्यारच लागे. बटाटे उत्तम. परंतु त्या प्रांताची कीर्ती ज्या चीजवर, ते परंपरेने वासराच्या जठरातील रेनेटने गोठवितात, हे सौ.ने कोठून तरी काढले आणि त्या पदार्थाचा प्रश्न तेथेच मिटला. तिच्या पिशवीतील मेतकूट व गुळपापडीच्या वड्या आओस्तापर्यंत पुरल्या. वड्यांवर सरमेचाही डोळा होता.

बूर-सेंट-पिएर हे स्विस बाजूचे खिंडीखालचे शेवटचे गाव. त्याच्या देवळापाशी रोमन रस्त्याचा मैलाचा दगड अद्याप उभा आहे. त्या दगडावर हात ठेवून मी बराच वेळ उभा राहिलो, सौ.ने तेवढ्यात मोजे वाळत घातले. नेपोलियन याच गावातून वर गेला. दाव्हिद या चित्रकाराने त्याला मागच्या दोन पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्यावर बसविले आहे आणि ते चित्र जगभर झाले. वस्तुतः तो एका स्थानिक वाटाड्याने धरलेल्या खेचरावर बसून गेला. खेचराची शोभा थोडी कमी, पण ते घसरत नाही.

तिसऱ्या दिवशी चढ खरा. गाव सोडल्यावर तूल नावाचा धरणाचा तलाव लागतो. त्याच्या पाण्यावर २०१९ पासून सूर्यप्रकाशातून वीज काढणाऱ्या तबकड्या तरंगत ठेविल्या आहेत. तलाव मागे पडला आणि वाट कुरणांतून जाऊ लागली. वाटेच्या तोंडाशी एक पाटी होती: वासरे असलेल्या गाईंपासून दूर राहा, कुत्रा दोरीने धरा, आणि गाय अंगावर आली तर दोरी सोडून द्या. या शेवटच्या कलमाचे कारण जामाताने आधीच सांगितले होते. गाईचा राग मनुष्यावर नसतो, कुत्र्यावर असतो. तिच्या हाडात लांडग्याची आठवण आहे. ती आठवण आता जुनीही राहिलेली नाही, कारण नाहीसे झालेले लांडगे १९९५ पासून इटलीकडून या प्रांतात परत आले आहेत. कुत्रा मोकळा असेल तर तो गाईपेक्षा वेगाने पळतो; बांधलेला असेल तर तो धन्याच्या पायांत शिरतो आणि गाय दोघांना तुडविते.

कुरणात सात-आठ काळपट, आखूड शिंगांच्या गाई वासरांसह बसल्या होत्या. आम्ही त्यांना लांबून वळसा घालून निम्म्यावर आलो तोच एक उठली, मग सगळ्या उठल्या, आणि मान खाली घालून आमच्या दिशेने चालू लागल्या. चालण्याचे धावणे केव्हा झाले ते कळले नाही. वाईच्या रस्त्यावर भेटेल त्या गाईच्या पाठीला हात लावून तो कपाळी लावणारी आमची सौ. जागच्या जागी थिजली. कुत्रीची दोरी तिने मनगटाला दोन वेढे देऊन धरली होती.

"सोड तिला!" मी ओरडलो.

"अहो, मारतील तिला! परक्याचं जनावर!"

"सोड म्हणतो ना!"

ती सोडीना. गाय दहा हातांवर आली. मी तिचे मनगट धरून वेढे उलगडले. सरमा क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली, आणि मग बाणासारखी चढावर सुटली. सगळ्या गाई तिच्या मागे वळल्या. आमच्याकडे एकीनेही पाहिले नाही. कुत्री विजेच्या तारेखालून निसटली, गाई तारेपाशी थांबल्या, आणि खडकांपलीकडे ती दिसेनाशी झाली.

आम्ही कुंपणाबाहेर आलो. नंतरची पंचवीस मिनिटे मला पाचही दिवसांहून मोठी वाटली. सौ. हाका मारीत होती. उत्तर म्हणून मार्मोट नावाच्या डोंगरी प्राण्यांच्या शिट्ट्या तेवढ्या येत होत्या. ती मजकडे न पाहता म्हणाली, "धर्मराजाने सोडला नव्हता हो. स्वर्गाच्या दारातसुद्धा नाही सोडला."

"त्याच्यापुढे इंद्र होता," मी म्हणालो. "गाई नव्हत्या."

ती हसली नाही. दोरी गुंडाळून तिने मांडीवर ठेविली होती. लेकीला काय सांगायचे, हा प्रश्न आम्ही दोघांनीही उच्चारला नाही. मग वरच्या अंगाने दगड घरंगळल्याचा आवाज झाला, आणि सौ.ने अगदी हलक्या आवाजात, घरात म्हणावे तसे, "ये गं" म्हटले. पोटापर्यंत भिजलेली सरमा उतरून आली आणि दोरीचा वास घेऊन दोरीवरच बसली. वेदातील सरमा गाई शोधण्यास गेली होती. ही गाईंना सापडली, एवढाच फरक. त्यानंतर सौ.ने दोरी मनगटाला वेढली नाही. नुसती मुठीत धरली.

खिंडीखालच्या शेवटच्या घळीस मृतांची दरी असे नाव आहे, कारण कोसळणाऱ्या बर्फाने तेथे शतकानुशतके माणसे घेतली. पावले मोजीत आम्ही ती चढलो. दर पन्नास पावलांस विसावा, सौ.चा गुडघा बोलू लागला होता, पण ती बोलली नाही. सायंकाळी पाचच्या सुमारास आश्रमाच्या भिंती दिसल्या. हा आश्रम आओस्ताचा धर्माधिकारी बर्नार्ड याने सुमारे १०५० मध्ये स्थापिला. तेव्हापासून येणाऱ्यास तो कोण, कोठला, कोणत्या धर्माचा, हे न विचारता आसरा द्यावा, असा तेथील व्रतस्थांचा नेम आहे. हिवाळ्यात मोटाररस्ता महिनेच्या महिने बर्फाखाली असतो. तरी ते वरच राहतात. बर्नार्डला गिर्यारोहकांचा रक्षक संत म्हणून १९२३ मध्ये पोप अकरावे पायस यांनी मान्यता दिली; हे पोप स्वतःच पूर्वी पट्टीचे गिर्यारोहक होते. त्याच्याही आधी येथे रोमनांचे ज्युपिटरचे देऊळ होते. जाणे-येणे निर्विघ्न व्हावे म्हणून वाटसरूंनी नवस फेडलेले ब्राँझचे पत्रे तेथे सापडले. ज्युपिटर म्हणजे आपला द्यौष्पितर्‌. नाते भाषाशास्त्राने सिद्ध आहे. तेव्हा त्या माथ्यावर मी अगदीच परका नव्हतो.

आश्रमाचे ते प्रसिद्ध कुत्रे सतराव्या शतकापासूनचे. त्यांतील बॅरी १८०० मध्ये जन्मला. त्याने चाळीस माणसे वाचविली, असे सांगतात. एकेचाळिसाव्याने त्याला लांडगा समजून मारले, ही कथा खोटी आहे. तो म्हातारपणी बर्न शहरात नेण्यात आला व १८१४ मध्ये तेथे शांतपणे मेला; त्याचे पेंढा भरलेले शरीर तेथील संग्रहालयात आहे. गळ्यातील दारूचे पिंपही चित्रकाराच्या कल्पनेतील. आता शोधकार्य हेलिकॉप्टरने होते, आणि कुत्र्यांचा सांभाळ २००५ पासून मार्तिन्यीच्या एका संस्थेकडे आहे. उन्हाळ्यात त्यांतील काही वर आणतात. आम्ही एका उतारघरात जागा घेऊन ते पाहण्यास गेलो. आमच्या सरमेच्या तिप्पट देहाचा एक कुत्रा उन्हात पडला होता. त्याने एक डोळा उघडला, तिला पाहिले आणि पुन्हा मिटला. त्या रात्री सरमा खाटेखाली निजली. मध्यरात्री मला जाग आली तेव्हा सौ.चा हात खाली लोंबत होता आणि कुत्रीच्या डोक्यावर होता.

उतार दोन दिवसांचा. गुडघ्यास चढापेक्षा उतार अधिक सोसत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याचे वर्णन करीत नाही. पाचव्या दिवशी दुपारी ऑगस्टसच्या कमानीखालून आम्ही आओस्तात शिरलो. जामात मोटार घेऊन आले होते. परतीची वाट १९६४ मध्ये खुल्या झालेल्या बोगद्यातून. पाच दिवसांचा डोंगर काही मिनिटांत डोक्यावरून गेला. गाई व दोरी यांची हकीगत सौ.ने लेकीला त्याच रात्री सांगून टाकली. लेकीने ती शांतपणे ऐकून घेतली. तिची तक्रार निराळीच आहे. कुत्री आता फ्रेंच ऐकत नाही, आणि बाहेर न्यावयाची झाली तर "ये गं" म्हणावे लागते.