ह्यांचा चहा आणि माझी तूरडाळ

आमच्या घरात वाणसामान हे आणतात. लग्न झालं 1975 साली, तेव्हापासून. माझी सकाळची शाळा, त्याआधी पोळ्या आणि डबे, संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा. वाण्याकडे जायला सवड कुठली? तेव्हा यादी मी करायची आणि पिशवी ह्यांनी उचलायची अशी वाटणी झाली, ती आजतागायत. वाण्याच्या जागी आता मोठं मार्ट आलं, कापडी पिशवीच्या जोडीला ढकलगाडी आली, पण वाटणी तीच. म्हणजे यादीत 'तूरडाळ 2 किलो' लिहायचा अधिकार माझा, आणि ती कुठल्या कंपनीची हे ठरवायचा त्यांचा.

गेली दोन वर्षं आमच्यात जे काही चाललंय ते ह्या दुसऱ्या अधिकारावरून.

तुम्हीही पाहिलं असेल. मोठ्या दुकानांत हल्ली डाळी, रवा, पोहे, मीठ, भांड्यांचा साबण, फिनेल, सगळं त्या दुकानाच्या स्वतःच्या नावानं मिळतं. कारखाना बहुतेक वेळा दुकानाचा नसतो. दुसऱ्याकडून बनवून किंवा भरून घ्यायचं आणि वर आपलं नाव छापायचं. टीव्हीवर जाहिरात नाही, नट-नट्या नाहीत, मधले हात कमी, म्हणून स्वस्त. ह्यात जादू काही नाही. आपल्या लहानपणी वाणी पोत्यातली डाळ कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा, तेव्हा तरी त्या डाळीला कुठे नाव होतं? वाण्याचं नाव तेच डाळीचं.

मला हे पटायला दोन मिनिटं लागली. ह्यांना पटायला दोन वर्षं, आणि तेही अर्धंच.

आता थोडं घरातलं सांगते. हा मजकूर मी ह्यांना आधी वाचून दाखवला आहे, त्यांची हरकत नाही. हे चिंचवडच्या एका खाजगी कारखान्यातून निवृत्त झाले. पेन्शन ईपीएस-95 ची. ज्यांना ती मिळते त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच की ह्या योजनेतली किमान पेन्शन 2014 साली महिना 1,000 रुपये ठरवली गेली, आणि तिला महागाई भत्ता नाही. ह्यांची त्याहून थोडी अधिक. मी अनुदानित शाळेत होते, माझ्या पेन्शनला महागाई भत्ता आहे. थोडक्यात, घर माझ्या पेन्शनवर चालतं. लिहायला हे वाक्य सोपं आहे. आमच्या घरात ते मोठ्यानं कुणी उच्चारत नाही.

त्यामुळे "अहो, ही दुकानाची डाळ घ्या ना, स्वस्त आहे" असं मी म्हटलं की ह्यांच्या कानाला ऐकू येतं ते वेगळंच. तुम्ही उधळता, आणि तेही माझ्या पैशातून. मी तसं म्हटलेलं नसतं, मनातही नसतं. पण पन्नास वर्षांच्या संसारात कोण काय म्हणालं यापेक्षा कुणाला काय ऐकू आलं यावरूनच जास्त भांडणं होतात, काय म्हणता?

पहिल्यांदा मी ते पाकीट ढकलगाडीत ठेवलं तेव्हा ह्यांनी ते उचललं, उलटसुलट केलं आणि परत मांडणीवर ठेवून दिलं. "रेशनची पिशवी वाटते," एवढंच म्हणाले.

ह्या एका वाक्यात सगळं होतं. ह्यांचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. 1972 च्या दुष्काळात हे आयटीआय करून घरी बसले होते, आणि सासूबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. रेशनवर मिलो यायचा, तांबडी परदेशी ज्वारी. ज्यांनी ती खाल्ली आहे ते अजून तिचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. भाकरी थापताना तुटायची, चव म्हणून नव्हतीच. पुढच्या वर्षी हे चिंचवडला लागले आणि पहिल्या पगारात आईसाठी काय नेलं, तर पत्र्याच्या डब्यातला, कंपनीचं नाव छापलेला चहा. तोवर घरात चहा यायचा तो चार-आठ आण्यांच्या पुडीतली भुकटी. सासूबाईंनी तो रिकामा डबा मरेपर्यंत जपला. सुया, बटणं, देवाचे पैसे त्यात असत. कुणी आलं की त्या डबा दिसेल असा ठेवत.

ज्या माणसाच्या आईनं चहाचा डबा असा मिरवला, त्याला "नावावर काय आहे, आतला माल बघा" हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

तरी मी सांगितलं, शिक्षिका ना! मी निरमाचा दाखला काढला. 1980 च्या सुमारास आमच्याकडे सर्फ होतं, आणि पिवळी पावडर घरात पहिल्यांदा कुणी आणली, तर ह्यांनीच. सर्फपेक्षा कितीतरी स्वस्त म्हणून. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी 1969 साली घरच्या घरी बनवून सायकलवरून विकायला सुरुवात केली होती, जाहिरात-बिहिरात सगळं नंतर. तिला तोंड द्यायला मग सर्फवाल्यांना ललिताजी उभी करावी लागली. कविता चौधरींनी केलेली ती ठसक्यातली ललिताजी आठवत असेल तुम्हाला. तेव्हा ललिताजीचं न ऐकणारे तुम्ही, आणि आता?

ह्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "त्या माणसानं आपल्या मुलीचं नाव लावलं होतं पावडरीला. निरुपमा, म्हणून निरमा. हे दुकानवाले कुणाचं नाव लावतात?"

मी निरुत्तर झाले नाही, पण पंचाईत झाली खरी. म्हटलं, दुकानाचं स्वतःचं नाव लावतात. डाळ खराब निघाली तर डाळीबरोबर सगळं दुकान बदनाम होईल, म्हणजे त्यांचीही मुलगीच की ती. हे हसले. पण डाळ काही आली नाही.

माझ्या नणंदेनं सोपा उपाय सुचवला. जुन्या बरणीत नवी डाळ भर, दादाला कळणार पण नाही! पुष्कळ घरांत असं करतात हे मला माहीत आहे, आणि त्यांना मी नावं ठेवत नाही. पण मला ते नको होतं. सांगून खाऊ घालायचं, आणि आवडलं नाही तर तसं म्हणायचा हक्क त्या माणसाला द्यायचा, असं माझं मत. शिवाय ह्यांना कळलं असतं तर प्रश्न डाळीचा राहिला नसता.

डोंबिवलीची माझी बहीण मदतीला आली ती वेगळ्या वाटेनं. ती कित्येक वर्षं मुंबई ग्राहक पंचायतीच्या गटात आहे. ही संस्था 1975 ची, आमच्या लग्नाच्या वर्षाची. सभासदांचा गट महिन्याची मागणी एकत्र नोंदवतो, सामान एकगठ्ठा येतं आणि बायका मिळून ते वाटून घेतात. तिच्याकडचे पोहे ह्यांना भारी आवडतात. दिवाळीत तिच्याकडचा चिवडा खाताना मी विचारलं, "हे पोहे कुठल्या कंपनीचे?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातला घास पाहिला, आणि म्हणाले, "बरं. एका महिन्याला एक वस्तू. आणि हिशोब मी ठेवणार."

हा 'हिशोब मी ठेवणार' म्हणजे खरं वळण होतं. त्या दिवसापासून हे काम ह्यांचं झालं. कालनिर्णयच्या मागच्या बाजूला, दुधाच्या खाड्यांशेजारी, 'वाचले' असा रकाना आला.

मग सुरू झाल्या परीक्षा, आणि त्यात मला भलतीच मजा आली. एका कुकरमध्ये दोन भांड्यांत दोन डाळी लावल्या. ह्यांना फरक कळला नाही, आणि तसं त्यांनी कबूलही केलं. मिठाला परीक्षाच नको. आयोडीनयुक्त मीठ कुणाचंही असो, कायद्यानं त्यात ठरावीक आयोडीन असावंच लागतं. अंगाच्या साबणाला आम्ही भिंग लावलं. साबणाच्या वेष्टनावर टीएफएम म्हणून एक आकडा असतो, म्हणजे त्यातला एकूण स्निग्धांश. 76 टक्के किंवा वर असेल तर पहिली प्रत, 70 ला दुसरी, 60 ला तिसरी. 'बेदिंग बार' असं लिहिलेल्यात तर त्याहूनही कमी चालतो. ह्यांच्या वीस वर्षांच्या लाडक्या साबणावर 70 निघाला आणि दुकानाच्या साबणावर 76. हे बराच वेळ दोन्ही वड्या हातात धरून बसले होते. मी काही बोलले नाही. पुढच्या महिन्यात आपणहून दुकानाचा साबण आला. दिवाळीचा मोती मात्र मोतीच राहणार, तिथे भिंग आणायचं नाही असा करार आहे.

सगळंच जमलं असं नाही. दुकानाचे पापड तळले की नुसतेच लालभडक व्हायचे, फुलायचे नाहीत. फरशीच्या फिनेलला वास होता, पण डाग तसाच. आणि कधीकधी सवलतीत मोठ्या कंपनीचा मालच स्वस्त पडतो. त्यासाठी आता पाकिटावरचा ग्रॅमचा किंवा किलोचा भाव बघायचा. 2022 पासून तोही छापावा लागतो, फक्त इतका बारीक असतो की आमच्यासारख्यांनी भिंग विसरून जाऊ नये. दहा रुपयांचं पाकीट दहालाच ठेवून आतले ग्रॅम कमी करायची खोड ह्या एका आकड्यानं उघडी पडते.

चहाची परीक्षा मीच सुचवली होती. तीन कप, तीन चहा, कपाखाली चिठ्ठ्या. ह्यांनी पहिल्या घोटाला आपला चहा ओळखला. पुन्हा कप बदलले, पुन्हा ओळखला. आता ह्याच्यावर काय बोलणार? तो चहा कायम. त्याचं नाव यादीत आता मी स्वतः लिहिते, कंपनीसकट.

'वाचले'च्या रकान्यात महिन्याला साडेतीनशे ते चारशे रुपये जमतात. फार नाहीत. पण ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यात येतात, आणि त्या 'मी माझ्या गोळ्या आणल्या' असं म्हणत येतात. ते ऐकलं की मी उठून आत जाते, काहीतरी काम काढून.

सध्या हिंगाचा वाद चालू आहे. माझ्या आईपासून आमच्याकडे एकाच कंपनीची डबी. परवा ह्यांनी तिच्यावर भिंग धरलं आणि मला वाचून दाखवलं: आधी गव्हाचं पीठ, मग डिंक, हिंग सगळ्यात शेवटी. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात, हे त्यांना मीच शिकवलेलं! दुकानाच्या डबीवरही अगदी हाच क्रम आहे म्हणे, आणि वीस रुपये कमी.

मी म्हटलं, हिंगाला वास असतो, त्याला भिंगातून बघत नाहीत. तर म्हणतात, कपाखाली चिठ्ठ्या ठेवल्या होत्यास ना, मग वरणाच्या वाट्या मांड. रविवारी मांडायच्या आहेत.