हिरव्या शाईची पारख

हिरवी शाई कशी आहे हे बाटलीवरून किंवा दुकानातल्या नमुन्याच्या ठिपक्यावरून ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. ती कोणत्या कागदावर आणि कोणत्या निबने उतरते, यावर जवळजवळ सगळं अवलंबून असतं. फ्रान्सच्या जे. हर्बिनची 'एमराल्ड ऑफ चिवोर' घ्या. कोलंबियातल्या पाचूच्या खाणीचं नाव लाभलेली ही शाई २०१५ मध्ये आली. मूळ रंग निळसर हिरवा, त्यात सोनेरी कण, आणि जिथे शाई साचते तिथे, 'ळ'च्या वळणात किंवा पूर्णविरामात, लालसर झाक. ही झाक म्हणजे कागदात न मुरता वरच सुकलेल्या रंगाचा थर. म्हणूनच शाई शोषून घेणाऱ्या साध्या वहीत ती दिसेनाशी होते आणि गुळगुळीत कागदावर जाड निबने लिहिलं की खुलते.

कोणी म्हणेल, हिरवी शाई तर साहेबांच्या सहीची, आणि ते सोनेरी कण पेनात अडकणार. पहिला आक्षेप कचेरीपुरता खरा: केंद्र सरकारच्या कार्यालयीन नियमावलीत हिरव्या-लाल शाईची मुभा सहसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांनाच, तीही क्वचित. पण आपली रोजनिशी म्हणजे सरकारी फाइल नव्हे. दुसरा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. कण तळाशी बसतात, त्यामुळे भरण्याआधी बाटली हलवावी लागते आणि पेन भरून तसंच पडू देता येत नाही. तेव्हा ही शाई सहज उघडून धुता येईल अशाच पेनात भरा, आणि विकत घेण्याआधी तुमच्या रोजच्या वहीवर चार ओळी लिहून बघा.