वाट कल्याणची

जुन्नर-ओतूरकडच्या शेतकऱ्याला कल्याण काही परके नाही. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून झाल्या की माल कुठे चालला हे कोणी विचारीत नाही. वाशी नाही तर कल्याण, दोनच उत्तरे. संध्याकाळी टेम्पो भरायचा, रात्री माळशेज घाट उतरायचा आणि पहाटे कल्याणच्या बाजार समितीत माल टाकायचा. उजाडेपर्यंत आमची कोथिंबीर डोंबिवली-उल्हासनगरच्या हातगाड्यांवर गेलेली असते.

भाजी जाते तशी माणसेही जातात. आमच्या गावात असे घर दाखवा की ज्याचे कोणी कल्याण-डोंबिवलीला नाही. आमचाच धाकटा मुलगा डोंबिवलीला कारखान्यात आहे. सूनबाई, नात आणि तो, तिघे भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. मोठा मुलगा घरची शेती बघतो. त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा तरी माझे घाट उतरणे होते. सांगायचे आहे ते या वाटेबद्दल.

माळशेजच्या वळणावर एस.टी. आली की हवा बदललेली अंगाला कळते. वर आमच्याकडे बाजरी, कांदा, टोमॅटो. खाली मुरबाड तालुक्यात भात, नागली, वरई. अंतर म्हणाल तर एका घाटाचे. पण समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, तिकडच्या अंगाला धो धो कोसळतात आणि इकडे जसजसे पूर्वेला जावे तसतसा पाऊस कमी होत जातो. ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. अमेरिकेच्या पश्चिमेला सिएरा नेवाडा नावाचा पर्वत आहे. त्याच्या समुद्राकडच्या उतारावर पाऊस आणि बर्फ, आणि पलीकडे नेवाडा राज्यात कोसच्या कोस वाळवंट. डोंगराची सावली उन्हात पडते तशी पावसातही पडते. आपण त्या सावलीत पिके घेणारी माणसे आहोत. म्हणून पाण्याची किंमत आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही.

नातीच्या शाळेत एकदा आपल्या शहराची जुनी माहिती लिहून आणायला सांगितले होते. तिने बापाला विचारले, “कल्याण पूर्वी काय होते?” तो म्हणाला, “स्टेशन.” त्याचे तरी काय चुकले? 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे अशी आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी, 1 मे 1854 ला, ती कल्याणपर्यंत आली. तेव्हापासून कल्याण म्हणजे जंक्शन. एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. रोज हजारो माणसे तिथे चढतात-उतरतात, पण गाव बघायला कोणी थांबत नाही.

दिवाळीनंतर नात गावी आली, तेव्हा तिने तोच प्रश्न आमच्या गावच्या निवृत्त गुरुजींना विचारला. गुरुजींना जुन्या लेखांचा, लेण्यांचा नाद. ते म्हणाले, “पोरी, कल्याण बघायचे तर आधी नाणेघाटात चल. त्या गावाचे दार तिथे आहे.” मला म्हणाले, “वहिनी, तुम्हीही चला. गाडी घाटमाथ्यापर्यंत जाते.” इतकी वर्षे जुन्नर तालुक्यात काढली, पण नाणेघाट काही पाहणे झाले नव्हते. मार्गशीर्षात एक दिवस भाकरी-चटणी बांधून घेतली आणि निघालो.

जुन्नरपासून तीसएक किलोमीटर, घाटघर गावाच्या पुढे. एका बाजूला जीवधन किल्ला, दुसऱ्या बाजूला नानाचा अंगठा म्हणतात तो उभा सुळका आणि मध्ये डोंगर चिरून केल्यासारखी अरुंद खिंड. खिंडीच्या तोंडाशीच दगडाचा मोठा रांजण आहे. घाटाने येणाऱ्या-जाणाऱ्या मालावरची जकात त्यात टाकीत, असे सगळे सांगतात. नाणे ज्यात पडे तो नाणेघाट. रांजण बघून आमच्या मोठ्या मुलाला हसू आले. म्हणाला, “म्हणजे नाक्यावर पैसे भरायचे दोन हजार वर्षांपासून चालू आहे तर!”

खिंडीतून थोडे खाली, कोकणच्या अंगाला, कातळात कोरलेली एक मोठी खोली आहे. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत लांबलचक लेख आहे, भाषा प्राकृत. तो नागनिका राणीचा. सातवाहन राजा सातकर्णी याची ती बायको. नवरा वारल्यावर लहान मुलांना घेऊन तिने राज्य सांभाळले, असे अभ्यासक मानतात. लेखात आधी इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य यांना नमस्कार आहे आणि मग यज्ञांत काय काय दान दिले त्याची यादी: हजारांनी गाई, घोडे, हत्ती, गावे, चांदीची भांडी आणि कार्षापण नावाची नाणी. मोजणीचे आकडे लिहिलेले इतके जुने लेख देशात फार थोडे आहेत. मागच्या भिंतीवर राजाराणीच्या आणि घरच्या मंडळींच्या मूर्ती होत्या. आज उरली आहेत ती फक्त पावले, आणि कोणाची मूर्ती कुठे होती ते सांगणारी कोरलेली नावे.

मी त्या पावलांकडे बराच वेळ बघत होते. राजवाड्यात नाही, देवळात नाही, घाटाच्या वाटेवर लेख कोरावासा वाटला त्या बाईला! का? तर सगळे राज्य या वाटेवर जगत होते. पैठण, तेर, जुन्नर इकडचे कापड आणि इतर माल याच घाटवाटांनी कोकणात उतरे. उतरून वैशाखरे, मुरबाड आणि मग कल्याण. तिथे उल्हास नदी खाडीला मिळते. त्या काळी जहाजे आत येत.

साधारण 1900 वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषेतल्या पुस्तकात आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांची माहिती लिहिली गेली. ‘पेरिप्लस’ म्हणतात त्याला. त्यात कल्याणचे नाव आहे. पूर्वी ही रीतसर पेठ होती, असे त्यात म्हटले आहे. पुढे दुसऱ्याची सत्ता आल्यावर इथला व्यापार अडवला गेला आणि चुकून एखादे ग्रीक जहाज इथे लागलेच तर ते पहारा देऊन गुजरातेत भडोचला नेले जाई. हे ऐकून आमचे हे म्हणाले, “म्हणजे दरड पडून घाट बंद झाल्यासारखेच की!” खरेच आहे. पावसाळ्यात माळशेजमध्ये दरड कोसळली की भरलेला टेम्पो वरच अडकतो. पालेभाजी किती वेळ दम धरणार? एका पावसाळ्यात आमची अख्खी मेथी अशीच पिवळी पडली आणि गुरांपुढे टाकावी लागली. वाट अडली की पिकवणारा बुडतो. तेव्हाही तो बुडालाच असणार. पण त्याचे नाव पुस्तकात नाही.

मात्र दुसरीकडे आहे. दुसऱ्या दिवशी लेण्याद्रीला गेलो. गिरिजात्मजाच्या दर्शनाला आपण पायऱ्या मोजत चढतो, दर्शन घेतो आणि उतरतो. गणपतीच्या शेजारीच मोठे चैत्यगृह आहे, तिथे गुरुजींनी आम्हांला थांबवले. भिंतीवरच्या लेखात दात्याचे नाव आहे, सुलसदत्त, राहणार कल्याण. म्हणजे कल्याणच्या माणसाने घाट चढून येऊन आमच्या डोंगरात हे लेणे दिले. तिथेच आणखी एक लेख आहे. कल्याणच्याच संघक नावाच्या सोनाराने पाण्याचे टाके दिले, असे तो सांगतो. जुन्नरच्या डोंगरांतल्या दुसऱ्या एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक टाके दिल्याचे लिहिले आहे. इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे परदेशातून आलेल्या माणसाने, दोन टाकी दिली.

बघा, ज्याने त्याने पाणीच दिले! सोनाराने, धान्यवाल्यांनी, परदेशी माणसानेही. या वाटेवर ज्यांनी पैसा मिळवला त्यांनी ओळखले होते, की पावसाच्या सावलीतल्या मुलखाला काय द्यावे. नाणेघाटातही वाटेच्या कडेला कातळात टाकी खोदलेली आहेत. पाठीवर गोणी घेतलेले बैल आणि थकलेली माणसे तिथे पाणी प्यायली असतील.

डोंबिवलीला पुन्हा गेले तेव्हा नातीला घेऊन कल्याणचा दुर्गाडी किल्ला पाहिला. खाडीकाठची लहानशी टेकडी, वर दुर्गादेवीचे देऊळ. 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत जहाजे बांधायला सुरुवात केली. शिवनेरीवर जन्मलेल्या राजाला समुद्राची वाट याच गावात सापडली. पुढे रेल्वेने बोरघाट आणि थळघाट पार केले, तसा बैलांच्या तांड्यांचा व्यापार आटला आणि नाणेघाट ओस पडला. पण घाट आणि खाडी यांचे नाते काही तुटले नाही. आमची कोथिंबीर आजही त्याच गावात उतरते. बैलाऐवजी टेम्पो, एवढाच फरक.

दुसराही एक फरक आहे, तोही सांगितला पाहिजे. पूर्वी कल्याणचा माणूस वर येऊन टाके देत असे. आता मुरबाड-शहापूरच्या डोंगरांत पडलेले पाणी बारवी आणि भातसा धरणांतून शहरांना जाते. शहरांनाही तहान आहे, माझीच नात ते पाणी पिते. पण उन्हाळ्यात त्याच शहापूर तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. ज्यांच्या डोंगरातून पाणी जाते त्यांच्या बायकांच्या डोक्यावर हंडा, हा हिशेब काही मला पटत नाही. त्या सोनाराला आणि धान्यवाल्यांना कळत होते ते आपल्याला कळू नये काय?

आता घरची गोष्ट. गेल्या वर्षी आमच्याकडे विषय निघाला होता, की विहिरीकडचा एक एकर विकावा आणि धाकट्याला डोंबिवलीत स्वतःची खोली घेऊन द्यावी. भाड्याला तो कंटाळला आहे. मोठा म्हणे, “जमीन एकदा गेली की पुन्हा येत नाही.” धाकटा म्हणे, “माझा वाटा मला नको का?” दोघांचेही बरोबर. आमचे हे काहीच बोलेनात. घरात दोन महिने जेवणे मुकाट्याने होत होती.

नाणेघाटाहून आल्यावर एका रविवारी धाकटा नातीला न्यायला आला. पोरीने त्याला सगळी हकीकत सांगितली, कल्याणच्या सोनाराच्या टाक्याचीसुद्धा. तो ऐकत होता. मी एवढेच म्हटले, “बाबा, ही वाट खाली जाते तशी वरही येते.” त्यावर तो काही बोलला नाही. पण उन्हाळ्यात बोनसचे पैसे घेऊन आला आणि विहिरीचा गाळ काढायला माणसे लावली. दहा वर्षांचा गाळ होता. वैशाखातही विहिरीला पाणी राहिले आणि मोठ्याने त्यावर चाऱ्याचा मका केला. एकर अजून विकलेला नाही. खोलीचा प्रश्नही सुटलेला नाही, तो अजून भाड्यानेच राहतो. पण आता दोघे भाऊ समोरासमोर बसून हिशेब मांडतात, एवढे तरी झाले.

कोणाला ही वाट बघायची असेल तर थंडीचे दिवस बरे. पावसाळ्यात वाऱ्याने धबधब्याचे पाणी उलटे वर उडते ते बघायला झुंबड असते, पण तेव्हा कड्याच्या टोकाला जाऊ नये. दगड निसरडे, धुके दाट. धडधाकट मंडळींनी खाली वैशाखऱ्यापर्यंत उतरून जावे. दगड बसवलेली जुनी वाट अजून शिल्लक आहे. पौष पौर्णिमेच्या सुमारास गेलात तर मुरबाडजवळ म्हसे गावची जत्राही होते. बैलांचा बाजार नावाजलेला आहे. लेण्यांत कोळशाने नावे लिहू नयेत आणि टाक्यांत कागद, बाटल्या टाकू नयेत. मुलांना मात्र जरूर न्यावे. उद्या त्यांतली निम्मी कल्याण-ठाण्याला नोकरीला जाणारच आहेत. जाताना त्यांना एवढे ठाऊक असावे, की ते गाव आपल्या घाटवाटेवर वाढले आहे, आणि तिथल्या माणसाने कधीकाळी वर येऊन आपल्याला पाणी दिले आहे.