शुभ्र रस्ते

इटलीतील सिएना नगराच्या उत्तरेस कियांतीच्या टेकड्या पसरल्या आहेत. द्राक्षमळे, ऑलिव्हच्या बागा आणि सरूच्या रांगा यांमधून तेथे पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते जातात. धूळ आणि चिखल सोसणाऱ्या रहिवाशाला डांबर हवेसे वाटणे स्वाभाविकच होते. परंतु डांबराखाली हे रस्ते एकेक करून लोपू लागले. ते टिकावेत म्हणून गायोले या गावी १९९७ साली 'लेरोइका' ही सायकलयात्रा सुरू झाली. पहिल्या वर्षी ९२ स्वार होते.

यात्रेला सायकल लागते ती जुन्या घडणीची, साधारणतः १९८७पूर्वीची. गिअर बदलण्यासाठी हात खाली, चौकटीच्या तिरप्या नळीकडे न्यावा लागतो. त्यामुळे चढाचा अंदाज आधीच घ्यावा लागतो. उतारावर सुट्या खडीत ब्रेक जोराने दाबला की चाक घसरते. पहाटेच्या काळोखात दिवट्यांच्या उजेडात स्वार ब्रोलिओच्या किल्ल्याकडे चढतात. १८६१ साली एकीकृत इटलीचे पंतप्रधान झालेल्या बेत्तीनो रिकासोली यांचे हे घराणेशाही ठाणे. मोटारीतून किल्ला केवळ दिसतो. सायकलस्वाराला तो इतक्या उंचावर का बांधला, हे स्वतःच्या धापेतून उमगते.

वस्तुसंग्रहालयात स्पर्श वर्ज्य असतो. रस्त्याचे जतन मात्र वहिवाटीनेच होते. परंपरेविषयी बोलताना हा भेद आपण बहुधा विसरतो.